ताजे आणि चांगले

कोंबड्या नवरात्र पाळत नाहीत. घटस्थापना झाली की गावातली निम्मी घरे अंड्यांकडे पाठ फिरवतात. पण खुराड्यातल्या मंडळींना त्याचे काही नसते. त्या आपल्या नेमाने आरडाओरडा करून अंडी घालीतच राहतात. श्रावणातही तोच प्रकार. त्यामुळे ज्यांच्या परसात दहाबारा कोंबड्या आहेत, त्या घरापुढे या दिवसांत दोन प्रश्न उभे राहतात. गिऱ्हाईक येईपर्यंत अंडी ठेवायची कशी? आणि ते आले म्हणजे ती विकायची काय म्हणून? पहिला प्रश्न हाताचा आहे, दुसरा मनाचा.

हाताचा प्रश्न माझ्या आत्याने आपल्यापुरता सोडवला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात तिचे घर होते. सकाळ-संध्याकाळ ती खुराड्यात हात घालून अंडी गोळा करी. ती कधी धूत नसे. मळ असलाच तर कोरड्या फडक्याने पुसून काढी. ‘‘धुतलं की लवकर नासतं,’’ एवढेच ती सांगे. तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांच्यावर निसर्गाने एक पातळ लेप दिलेला असतो. धुताना तो लेप जातो आणि जंतूंना वाट मोकळी होते. अमेरिकेत विक्रीची अंडी धुतात, पण मग ती थंड्या कपाटातच ठेवावी लागतात. युरोपात चांगल्या प्रतीची अंडी धुण्याला मनाई आहे. आत्याच्या घरी थंडे कपाट नव्हते. पाण्याच्या रांजणाच्या सावलीला भाताच्या तुसाने भरलेली एक टोपली असे. तिच्यात निमुळते टोक खाली आणि रुंद बूड वर अशी अंडी ती रोवून ठेवी. बुडाशी हवेची पोकळी असते. ती वर राहिली की बलक मधोमध राहतो आणि अंडे अधिक टिकते.

या टोपलीत मला सर्वांत आवडे ती तिची हिशेबाची रीत. आत्याला लिहिता येत नसे. बाजाराच्या दिवसापासून मोजून ती प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघा ओढी : पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन. कोणते अंडे केव्हाचे, हे तिला अंधारातही सांगता आले असते, असे मला तेव्हा वाटे.

१९८८ सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. नवरात्रात साचलेली अंडी दसरा उलटताच खपून गेली होती आणि टोपलीत रेघांची चारच उरली होती. त्याच सकाळी मला कडब्याच्या गंजीखाली एक खजिना सापडला. एका कोंबडीने तिथे चोरून घातलेली अकरा अंडी! मी ती बादलीतल्या पाण्यात टाकून पाहिली. नऊ तळाशी आडवी निजली, दोन निमुळत्या टोकावर उभी राहू लागली. ती दोन मी बाजूला काढली. आत्याने उरलेली नऊ एकेक करून दिव्यासमोर धरली. आत काही धरलेले दिसले नाही.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. त्यांचा मुलगा विषमज्वरातून नुकता उठला होता आणि डॉक्टरांनी त्याला रोज एक अंडे द्यायला सांगितले होते. त्यांना डझनभर हवी होती. मी मनात बेरीज केली : चार आणि नऊ, तेरा. आत्याच्या मुलीच्या पोलक्याचे कापड दुकानात अडून राहिले होते. ते आज सुटणार!

आत्याने दोन वाट्या पुढे केल्या. ‘‘बाई, ही चार माझ्या हिशेबातली. ही नऊ कडब्याखाली घावली. पाण्यात बुडाली, येवढंच सांगते. कवाची हाईत, मला ठावं न्हाई. घेतली तर निम्म्या पैशात देते.’’

मास्तरीणबाई घोटाळल्या. आजारी पोराचा प्रश्न होता. ‘‘मग चारच द्या, काकू,’’ त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी संतापलो. ‘‘आत्या, नऊही चांगली होती!’’

‘‘चांगली असतील की. पर ताजी हाईत का, ते मला कुठं ठावं हाय? त्या ताजी म्हणून घ्यायला आल्या हुत्या.’’

रात्री आम्ही ती नऊ अंडी खाल्ली. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहिले. नऊच्या नऊ चांगली निघाली. पैसे उगाच गेले, हे मी पुन्हा बोलून दाखवले. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘आता कळलं. तवा ठावं नव्हतं.’’

या चार-पाच शब्दांवर मी पुढे बरीच वर्षे विचार केला आहे.

इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरो या रोमन विचारवंताने आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात एका धान्यव्यापाऱ्याची गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक भला व्यापारी धान्याचे गलबत घेऊन तेथे पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने लोकांना सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस म्हणतो, कायद्याने जेवढे सांगायला हवे तेवढे सांगितले म्हणजे झाले. न सांगणे आणि लपवणे या गोष्टी वेगळ्या आहेत. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

मला वाटते, आत्या शिष्याच्याही एक पाऊल पुढे गेली होती. त्या व्यापाऱ्यापाशी निदान काही माहिती होती; प्रश्न ती झाकण्याचा होता. आत्यापाशी माहिती नव्हती, आणि तिने ते नसणेही झाकले नाही. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवणे ही उघड लबाडी आहे; ती लबाडी आहे हे करणाराही जाणतो. परंतु आपल्याला ज्याची खात्री नाही त्याची खात्री दुसऱ्याला देणे, याला आपण लबाडी म्हणत नाही. आपण त्याला धीर देणे म्हणतो, व्यवहार म्हणतो, कधी कधी तर आत्मविश्वास म्हणतो!

कोणी म्हणेल, पाण्याने खात्री दिलीच होती की! पण पाणी काय सांगते? कवचाच्या छिद्रांतून आतला ओलावा किती उडाला आणि पोकळी किती वाढली, एवढेच. थंड, दमट जागी पडलेले जुने अंडेही तळाशी निजते. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत थोड्या दिवसांचे अंडेही मान वर करू लागते. पाण्याची साक्ष खरी असते, पण ती अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर देते. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर रेघ ओढणाऱ्या हातालाच द्यावे लागते.

मग नऊही अंडी चांगली निघाली, तेव्हा आत्या चुकली असे म्हणायचे का? मी लहानपणी तसेच म्हटले. आज म्हणत नाही. शब्द देतेवेळी जे ठाऊक असते त्याच्याच आधारावर तो दिला जातो. मागाहून नशिबाने साथ दिली म्हणून आधी दिलेला पोकळ शब्द भरीव होत नाही. नऊ अंडी नासकी निघाली असती तर आम्ही सारे आत्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले असते. ती चांगली निघाली, म्हणून तो प्रामाणिकपणा आम्हाला फुकट गेल्यासारखा वाटला. वास्तविक दोन्ही वेळी तो तेवढाच होता.

आज दुकानातल्या अंड्यांच्या खोक्यावर तारीख छापलेली असते. तीही एक रेघच. ती ओढणाऱ्याचा हात आपल्याला दिसत नाही, आणि तरी आपण तिच्यावर विसंबून आजारी मुलाच्या बशीत अंडे फोडतो. अंडेच कशाला, वैद्याचे निदान, मास्तरांचे उत्तर, वडीलमाणसाचा सल्ला हे सारे आपण कवचासकट घेतो. दिवाळी अंकातला लेखकही टोपलीतले विचार ताजे म्हणूनच पुढे करतो. त्यातले कडब्याखालचे किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक!

त्या वर्षी पोलक्याचे कापड दिवाळीनंतर आले. आत्याच्या लेकीने जुनेच पोलके घालून पणत्या लावल्या. तिला वाईट वाटले असेलच, आणि तिला वाटले त्याचे आत्यालाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने खुराड्यातून अंडी काढली, कोळसा घेतला आणि प्रत्येकावर त्या दिवसाच्या रेघा ओढल्या.