बेणे आणि कालवड

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या एका बाजूला मांजरी लागते आणि दुसऱ्या बाजूला उरुळी कांचन. मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे उसाचे नवे वाण घडतात. उरुळीत १९६७ साली मणिभाई देसाईंनी ‘बाएफ’ स्थापन केली आणि विदेशी वळूंच्या गोठवलेल्या रेतातून संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात आणली. या दोन गावांच्या मधल्या, मुठेच्या उजव्या कालव्यावर पोसलेल्या पट्ट्यात ऊस आणि दूध ही एकाच घरातली दोन उत्पन्ने आहेत. उसाच्या वाढ्यांवर गाय निभते, गाईचे शेण उसाला जाते. पण गुण एका पिढीतून दुसरीत कसे उतरतात, या बाबतीत ऊस आणि गाय यांच्यात काहीही साम्य नाही. तरीही आपण गाईचा विचार बेण्यासारखाच करत आलो आहोत. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या आपल्या पशुपैदाशीची सगळ्यात मोठी उणीव मला या एका गैरसमजात दिसते.

आधी बेणे. उसाच्या कांडीवरच्या डोळ्यातून जो कोंब येतो तो नवा जीव नसतो, मूळ बेटाचाच पुढे वाढलेला भाग असतो. को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत को ६२१९८ आणि को सी ६७१ यांच्या संकरातून निघाला. महाराष्ट्रात त्याची जी लाखो टिपरी आजवर सरीत पडली ती सारी एकाच बीपासून उगवलेल्या एकाच रोपाचे तुकडे आहेत. उसाला तुरा येतो, त्यात बीही धरते. पण त्या बीपासून हजारो रोपे वाढवली तर प्रत्येक वेगळे निघते आणि बहुतेक सगळी फेकून द्यावी लागतात. दहा-बारा वर्षे निवड करून पैदासकार त्यांतले एखादे ठेवतो. म्हणजे उसात निवडीचे सारे कष्ट एकदाच, दुसऱ्या कोणीतरी, दूर कुठेतरी करून ठेवलेले असतात. शेतकऱ्याने बेणे निरोगी राखले की झाले. काणी आणि गवताळ वाढ बेण्यातून पसरतात, म्हणून उष्णजल प्रक्रिया, मूलभूत-पायाभूत-प्रमाणित असे त्रिस्तरीय बेणेमळे आणि तीन-चार वर्षांनी बेणेबदल. बेणे खराब होते ते रोगाने. वाणाचे गुण जागचे हलत नाहीत. म्हणून उसात नाव ही हमी असते. ‘८६०३२’ म्हटले की उतारा, फुटवा, खोडवा यांबद्दल बरेच काही सांगून होते.

कालवडीचे तसे नाही. गाईच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात आणि वासराला प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र तिच्याकडून मिळते. कोणते, हे दर वेळी नव्याने ठरते. केवळ या एका कारणाने एकाच गाईच्या बीजांडांत १०७ कोटींहून अधिक वेगवेगळ्या जुळण्या संभवतात, आणि गुणसूत्रांची आपसातली अदलाबदल यात धरलेलीच नाही. वळूच्या बाजूलाही हेच. म्हणून एकाच आईबापांच्या सख्ख्या बहिणींतही दुधाच्या अनुवंशातला सुमारे निम्मा फरक शिल्लक राहतो. दूध हा काही एका जनुकाचा गुण नव्हे. थोडा थोडा भार उचलणाऱ्या असंख्य जनुकांची ती बेरीज आहे आणि दर वेताला पत्ते नव्याने पिसले जातात. गाय ‘होल्स्टीन संकर’ आहे एवढे कळल्याने तिची सरासरी अपेक्षा कळते, ती गाय कळत नाही. ती कळायला तिची नोंदच ठेवावी लागते.

तरीही संकराने मोठे यश दिले, हे नाकारता येणार नाही. दिवसाला लिटर-दोन लिटरवर थांबणाऱ्या गावठी गाईंच्या पोटी जन्मलेल्या कालवडी त्याच गोठ्यात कितीतरी पट दूध देऊ लागल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या हजारो घरांना दर दहा दिवसांनी हाती येणारा पैसा पहिल्यांदा मिळाला तो या कालवडींमुळे. मग नोंदीवाचून हे साधले असताना आज नोंदींचा आग्रह कशाला, असा पहिला आक्षेप येतो. त्याचे उत्तर पहिल्या पिढीच्या स्वभावातच आहे. दोन दूरच्या जातींचा संकर केला की पहिली पिढी बरीचशी एकसारखी येते आणि तिच्यात संकराचा जोमही असतो. मेंडेलने १८६६ साली छापलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांतही पहिली पिढी एकरूप होती. झाकलेले रूप दुसरीत वर आले. संकरित गाय संकरित वळूकडून भरवली की जोमाचा निम्मा भाग जातो आणि फरक विखुरतात. पुन्हा शुद्ध होल्स्टीनचे रेत वापरले तर विदेशी अंश ७५ टक्क्यांवर जातो. मग एप्रिल-मेच्या उन्हात धाप लागते, गोचीड तापाला गाय लवकर बळी पडते आणि वरचेवर उलटते. त्यामुळे हा अंश ५० ते ६२.५ टक्क्यांच्या मध्ये ठेवण्याची शिफारस रूढ झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांतून ‘फुले त्रिवेणी’ घडवली तीही याच शोधात. पहिली उडी ही जातींमधल्या अंतराची देणगी होती. ती एकदाच मिळते. पुढची प्रत्येक पायरी जातीच्या आतल्या फरकांतून, निवड करतच चढावी लागते. टक्केवारी तिथे फारशी कामाला येत नाही, कारण ६२.५ टक्क्यांच्या दोन गाईंत एक गोठा तारणारी असू शकते आणि दुसरी बुडवणारी.

निवड करणे आपल्याकडे नवे नाही. खिलार बैल ज्यांनी घडवला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी निवड केली: चाल, शिंगे, पाठीची रेषा, खूर, रंग, अंगातली चपळाई. हे गुण त्या जनावराच्या अंगावर दिसतात आणि त्यांतले बरेच पुढच्या पिढीत ठळकपणे उतरतात. म्हणून बाजारातली जाणकार नजर तिथे खरोखरच मोठे साधन होती आणि त्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. दुधाचे मात्र उलटे आहे. पिढीचा निम्मा वाटा वळूकडून येतो आणि वळू दूध देत नाही. कृत्रिम रेतनात एका वळूच्या हजारो लेकी होतात, तेव्हा निवडीचे खरे वजन त्याच्यावरच असते. त्याचे मोल त्याच्या लेकींच्या दुधावरूनच काढता येते. एकाच कळपातल्या गाईंच्या दुधातला जेमतेम पाव ते एकतृतीयांश फरक अनुवंशाचा असतो, बाकीचा चारा, हवामान, आजार आणि सांभाळ यांचा. गाभण राहण्याच्या क्षमतेत तर अनुवंशाचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत राहतो. चार लेकींवरून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. अनेक गोठ्यांत विखुरलेल्या अनेक लेकी, प्रत्येकीची त्याच गोठ्यातल्या त्याच हंगामात व्यालेल्या गाईंशी तुलना, असे जमले तरच चाऱ्याचा परिणाम बाजूला पडून वळूचा परिणाम उरतो. डेन्मार्कमधल्या शेतकऱ्यांनी वेयेन इथे १८९५ साली दूधनोंदणीची पहिली संस्था काढली, जनुक ही कल्पना रुळण्याच्याही आधी. मेंडेलचे काम विस्मरणातून बाहेर यायला तेव्हा आणखी पाच वर्षे होती. वही आधी आली, सिद्धांत मागून.

वही आधी का लागते, याचा सुंदर दाखला पुणे जिल्ह्याच्या सीमेपलीकडे फलटणला आहे. सुंदरबनातली गारोळ ही लहानखुरी मेंढी जुळी-तिळी देते. १७९० च्या दशकात बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. पुढे तिथल्या बुरूला नावाच्या मळ्यावरच्या मेरिनो कळपात जुळ्यांचे प्रमाण विलक्षण वाढलेले दिसले. संशोधकांनी आईनिहाय, पिढीनिहाय कोकरांची संख्या लिहून ठेवली, आणि १९८० च्या सुमारास त्या आकड्यांच्या विभागणीवरूनच अनुमान काढले की इथे एकच प्रभावी जनुक काम करत असले पाहिजे. त्या जनुकातला नेमका बदल सापडला तो २००१ साली. वीस वर्षे आधी तो कागदावर दिसला होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळमधले हे जनुक दख्खनी मेंढीत आणले. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्या सरासरी दीडच्या आसपास देऊ लागल्या. इथे जनुक एकच, आणि रक्ताच्या नमुन्यावरून ते ओळखताही येते, कारण मेंढ्याच्या अंगावर ते कुठेच दिसत नाही. एवढे सोपे असूनही काम तेवढ्यावर संपले नाही. तिळी झाली की दूध पुरत नाही, कोकरे दगावतात. धनगराच्या वाड्यात नेमके काय घडते, किती जन्मली आणि किती वाढून विकली गेली, याची नोंद झाली तेव्हाच हे जनुक कुठे फायद्याचे आणि कुठे जाचक ते कळले. एका जनुकाच्या गुणाला एवढ्या नोंदी लागत असतील, तर दुधाला किती लागतील!

दुसरा आक्षेप देशी गाईच्या कैवाऱ्यांकडून येतो. संकराचा नादच सोडा, गीर आणि खिलारकडे परता, असे ते म्हणतात. त्यांच्या काळजीत तथ्य आहे: उष्णता आणि रोग सोसण्याचा वारसा एकदा हरवला की परत मिळत नाही. पण ‘गीर’ या नावावरचा विश्वास आणि ‘होल्स्टीन’ या नावावरचा विश्वास एकाच जातीचा आहे. गिरीतही दोन लिटरची गाय आहे आणि पंधरा लिटरची आहे. ब्राझीलने आपल्याकडूनच गीर नेली. तिथे १९८५ पासून दुधाळ गिरीच्या वळूंची लेकींवरून पद्धतशीर पारख होते आहे, आणि आज आपण त्यांच्या गिरीकडे आशेने पाहतो. रक्त तेच होते, वही त्यांच्याकडे होती.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि अधिक जड आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते जनुकीय खुणा वाचणाऱ्या ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ जाहीर झाल्या. वासराच्या रक्तावरून किंवा केसाच्या मुळावरून त्याची कुवत सांगता येत असेल, तर नऊ महिन्यांचा गाभणकाळ, अडीच-तीन वर्षांची वाढ आणि वर्षभराचे वेत इतका वेळ कशाला घालवायचा? हे तंत्र खरे आहे. अमेरिकेत होल्स्टीनसाठी ते २००९ पासून अधिकृतपणे वापरात आहे. पण चिप स्वतःहून काहीच सांगत नाही. जनुकीय खुणांचा कोणता संच किती लिटरशी जुळतो, हे तिला आधी मोजलेल्या हजारो गाईंवरून शिकवावे लागते. त्या गाई आपल्या हवेतल्या, आपल्या चाऱ्यावरच्या हव्यात. थंड देशात शिकवलेले गणित इंदापूरच्या उन्हाळ्यात चुकते. नोंद नसेल तर चिप म्हणजे महागडी वंशावळ.

आणि नोंदही फसवू शकते, हे मान्य केले पाहिजे. जे मोजाल तेच वाढते. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या होल्स्टीन वळूला १६ हजार लेकी झाल्या, दुधाच्या आकड्यांवर तो अजोड ठरला. पण त्याच्या एका जनुकातला दोष दोन्ही बाजूंनी आला की गर्भ पोटातच मरत होता, आणि हे उमगायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. दुधामागे लागलेल्या होल्स्टीनमध्ये प्रजननक्षमता घसरत गेली, तीही केवळ दूधच मोजल्यामुळे. नॉर्वेने १९७० च्या दशकापासून निवडीत दुधासोबत कासदाह आणि प्रजननही धरले, आणि तिथली लाल गाय त्या घसरणीतून वाचली. म्हणून आपल्या वहीत लिटरच्या शेजारी आणखी तीन रकाने लागतील: किती वेळा भरवल्यावर गाभण राहिली, कोणता आजार झाला, किती वेतांनंतर गोठ्यातून गेली. मला तर शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शेतकऱ्याचा तोटा बहुतेक तिथेच होतो.

दोन-चार गाई सांभाळणाऱ्याने हे सारे कसे करायचे, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. धारा, वैरण, शेण यांतच घरातल्या बाईचा दिवस जातो. तिच्यावर आणखी एक वही लादणे अन्याय होईल. पण मोजण्याची निम्मी व्यवस्था गावोगाव आधीच उभी आहे. संकलन केंद्रावर दोन्ही वेळच्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ निघते, पावती मिळते. फक्त ती किटलीची असते, गाईची नसते. चार गाईंचे दूध एकत्र झाले की वळूच्या पारखीसाठी तो आकडा निरुपयोगी होतो. गाईच्या कानात १२ अंकी बिल्ला आलेला आहे. महिन्यातून एका दिवशी, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक गाईचे दूध वेगळे मोजून त्या क्रमांकासमोर लिहिले तर दहा-अकरा मोजणीत ३०५ दिवसांच्या वेताचा चांगला अंदाज बसतो. हे काम दूध संघाच्या माणसाने गोठ्यात येऊन करावे आणि त्याचा पगार लिटरमागे काही पैसे बाजूला काढून भागवावा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या योजनांत आणि उरुळीच्या संस्थेच्या कामात अशी गोठ्यावरची दूधनोंद झालेली आहे, तेव्हा हे अशक्य नाही, अपुरे आहे. नोंदीची एक प्रत गाईच्या मालकाकडेच राहिली पाहिजे, म्हणजे गाभण कालवड विकताना तिच्या आईची वेते गिऱ्हाइकापुढे ठेवता येतील आणि दर केवळ अंगकाठीवर ठरणार नाही. साखर कारखाने सभासदांसाठी बेणेमळे चालवतात, त्याचा खर्च कोणाला खटकत नाही. दूध संघांनी तेवढाच खर्च या मोजणीवर करावा. सगळ्या गाई एकदम घेण्याचीही गरज नाही. पहिल्या वेताच्या गाईंपासून सुरुवात पुरेशी आहे, कारण वळूची पारख मुख्यतः त्याच वेतावर होते.