शोकाच्या घरी शब्बाथ

यहुदी माणसे आम्हाला कुठे भेटतात? एक तर जुन्या करारात, नाही तर छळछावण्यांच्या चित्रपटांत. पहिल्या ठिकाणी ती वाळवंटात कुरकुरताना दिसतात, दुसऱ्या ठिकाणी मरणाच्या दारात उभी असतात. एरवी ही माणसे आपल्या घरी काय करीत होती, हा प्रश्न आम्हा ख्रिस्ती लोकांना फारसा कधी पडला नाही. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलू पाहिली. 13 एप्रिल 1986 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या सिनेगॉगमध्ये जाऊन त्यांना थोरले बंधू म्हटले. या थोरल्या बंधूच्या घरचे दुःख आम्हाला थोडेबहुत ठाऊक आहे. त्याच्या घरचा आनंद मात्र आम्ही कधी विचारलाच नाही. एखाद्याला केवळ त्याच्या दुःखावरून ओळखणे हाही एक अन्यायच नव्हे काय?

शुक्रवारचा दिवस कलू लागला की यहुदी घरात लगबग सुरू होते. शब्बाथ लागल्यावर चूल पेटवायची नसते, तेव्हा सूर्यास्तापूर्वी सारा स्वयंपाक आटोपावा लागतो. स्नाने होतात, मेजावर स्वच्छ वस्त्र अंथरले जाते. द्राक्षारसाच्या प्याल्याशेजारी दोन पाव झाकून ठेवतात. अरण्यात शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मान्ना मिळत असे, त्याची ही आठवण. घरची स्त्री दिवे लावते आणि डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणते. वडील मुलांच्या मस्तकावर हात ठेवतात: मुलग्यांनी एफ्राइम व मनश्शे यांच्यासारखे व्हावे, मुलींनी सारा, रिबेका, राहेल व लेआ यांच्यासारखे. पुष्कळ घरांत नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे स्तवनही गातात. (दिवसभर चुलीपाशी उभ्या राहिलेल्या गृहिणीच्या पाठीला त्या स्तवनाने कितपत आराम पडतो, हे गृहिणींनाच विचारलेले बरे.)

या आनंदाला काही थाटमाट लागत नाही. प्रसंगी ग्रंथही लागत नाहीत. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर वसलेल्या बेने इस्रायलींची गोष्ट पाहावी. पिढ्यान् पिढ्या ते इतर यहुद्यांपासून दूर राहिले आणि हिब्रूचे ज्ञान जवळजवळ विसरून गेले. परंतु तेल गाळून पोट भरणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत. शेजाऱ्यांनी त्यांचे नावच 'शनिवार तेली' पाडले. पुढे त्यांच्या हाती ग्रंथ आले, तेही मायबोलीत. 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या बायकांप्रमाणे लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसर देशातील दास्याची कथा कोकणी माणसाने अशी आपल्या ओटीवर आणून बसवली!

ग्रंथ घरात आला की त्याला मात्र घरच्या माणसाचा मान मिळतो. पवित्र पुस्तक हातून पडले तर उचलून त्याचे चुंबन घेतात. जीर्ण झालेली पाने फेकीत नाहीत. साठवून ठेवतात आणि पुढे त्यांना मूठमाती देतात. कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगच्या कोठीत असे कागद शतकानुशतके साठत राहिले होते. सॉलोमन शेख्टर या विद्वानांनी 1897 साली त्यांतील सुमारे 2 लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत शास्त्रग्रंथांबरोबर व्यापाऱ्यांचे हिशेब निघाले, घरगुती पत्रे निघाली आणि मुलांनी अक्षरे गिरवलेली पानेही निघाली. तोरा वर्षभर भागाभागाने वाचतात. ज्या दिवशी शेवटचा भाग संपतो त्याच दिवशी उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून पुन्हा आरंभ होतो आणि गुंडाळ्या कवेत घेऊन माणसे नाचतात. पुस्तक संपल्याचा एवढा आनंद आम्ही शाळेच्या शेवटच्या दिवशी तेवढा पाहिला आहे, आणि त्याचे कारण अगदी उलटे होते.

हा सारा आनंद ऐच्छिक नाही. तो सांगितलेला आहे. अनुवादाच्या पुस्तकात सणाच्या दिवशी आनंद करण्याची आज्ञाच आहे, आणि त्या आनंदात दास, परका, पोरका व विधवा यांनाही बसवायचे आहे. पण आनंद आज्ञेने होतो काय? दिवा लाव म्हटल्यावर लावता येतो. हर्ष कर म्हटल्यावर मन हर्षते काय? आणि ज्याच्या घरातून कालच शवपेटी निघाली, त्याने काय करावे?

यहुदी घरात मृत्यू झाला म्हणजे जवळचे आप्त सात दिवस ठेंगण्या आसनावर बसतात. अंगावर फाडलेले वस्त्र असते, पायांत चामड्याचे जोडे नसतात. या सात दिवसांत शनिवार येणारच. शब्बाथ लागला की शोकाची बाह्य चिन्हे दूर होतात. शोकग्रस्त माणूस फाटके वस्त्र बदलतो, जोडे घालतो, सिनेगॉगला जातो. काही ठिकाणी तो शब्बाथाच्या स्वागताची गीते संपेपर्यंत दाराबाहेर थांबतो. मग आत येतो आणि मंडळी त्याचे सांत्वन करतात. मोठा सण आला तर उरलेले दिवस पाळायचेही राहत नाहीत. अंतःकरणातले दुःख टाक, असे त्याला कोणी सांगत नाही. दिव्यापुढे ते मांडू नये, एवढेच सांगतात.

प्रथम हे आम्हाला निष्ठुर वाटले. आमच्या अनेक घरांत मृत्यू झाला तर त्या वर्षी नाताळचा तारा लागत नाही, फराळ होत नाही. शेजारी आपल्या घरचे ताट झाकून आणून देतात. ते ताट आम्हाला फार मोलाचे वाटते. परंतु त्याच घरातील सहा वर्षांच्या मुलाला त्या वर्षी नाताळ आलाच नाही, याचा विचार आम्ही केला होता काय? यहुदी रीतीत त्या मुलाचा शुक्रवार चुकत नाही.

अब्राहम जोशुआ हेशेल हे वॉर्साचे यहुदी धर्मपंडित 1940 साली अमेरिकेत पोहोचले. मागे राहिलेली आई आणि बहिणी नाझींच्या अत्याचारात गेल्या. 1951 साली त्यांनी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याचा विषय छळछावण्या हा नव्हता. शब्बाथ हा होता. त्यांनी दुःख गिळले असे कोण म्हणेल? आम्हाला वाटते, आई ज्या दिव्यांपुढे डोळे झाकून उभी राहत असेल ते दिवे विझले असते, तर मारेकऱ्यांचे काम त्यांच्याच हातून पुरे झाले असते.

शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सरतो. पिळाच्या मेणबत्तीच्या उजेडात सारे सुवासिक मसाल्यांचा गंध घेतात, मग ज्योत द्राक्षारसात विझवतात. शोकाच्या घरी माणूस आपले फाडलेले वस्त्र पुन्हा अंगावर घालतो आणि ठेंगण्या आसनावर जाऊन बसतो.