अर्धा कोयता

(कुमारवयीन मुलांसाठी लिहिणारी पुण्याची लेखिका आणि बीडकडचे निवृत्त शिक्षक. हस्तलिखित शिक्षकांनी वाचलेलं आहे.)

लेखिका : शेवट जमत नाही, सर. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरतं, ती पळून वसतिगृहात पोचते. वाचताना खोटं वाटतं.

शिक्षक : खोटं नाही. अशा एकदोन पोरी माझ्याही वर्गात होत्या. पण त्यांच्याच वर्गातली, आता कडेवर लेकरू घेऊन ऊस तोडणारी पोर हे वाचेल, तेव्हा काय समजेल? नायिकेत धमक होती, आपल्यात नव्हती.

लेखिका : आणि लग्न झालेलं दाखवलं, तर आज सातवीत बसलेली म्हणेल, हे असंच व्हायचं असतं. मोठ्या वाचकाला अंधारात सोडून देता येतं. या वयाच्या वाचकाला सोडवत नाही.

शिक्षक : तुम्ही शेवटापाशीच अडून बसलात. मधे काय आहे? आई रडते, बाप पितो, पोर आभाळाकडं बघते. मुकादम एकदाच मोटारसायकलवरून येऊन जातो.

लेखिका : त्याला खलनायक करायचं नव्हतं.

शिक्षक : करूच नका. त्याचा हिशेब लिहा. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ उचल कोयत्यावर. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मग बिनलग्नाचा पोरगा असलेल्या घराला सून कशाला हवी? आणि पोरीच्या बापाची भीती वेगळीच. फडावरच्या कोपीला दार नसतं, गावी ठेवावी तर सांभाळायला एक थकलेली म्हातारी.

लेखिका : मुलं हिशेबाला कंटाळतात हो!

शिक्षक : भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोराचा माग काढतो, तेव्हा कंटाळतात का? इथं लग्न कुणी ठरवलं, याचा माग काढू द्या.

लेखिका : पण नायिकेच्या तोंडी ‘मी’ घालायचा मला अधिकार आहे? लक्ष्मण माने यांनी १९८० साली ‘उपरा’ लिहिलं ते स्वतःचं जगणं होतं. मी फडावर चार दिवस राहून आलेली बाई.

शिक्षक : ‘मी’ लिहा, पण मग तिला ठाऊक असलेलं चुकायला नको. तुमच्या नायिकेची आई उसाचे हिरवे वाढे पेटवते. अहो, वाढे जनावरांसाठी विकतात, मीठ-मिरची त्यावर येते! ही चूक तिसरीतली पोरसुद्धा पकडेल.

लेखिका : ते दुरुस्त करते. पण हिशेब कळला म्हणून उचल फिटत नाही. वाचकाच्या हाती तेवढाच देऊन मी उठून जाऊ?

शिक्षक : तिच्या बाकावरची मैत्रीण कुठं गेली?

लेखिका : दुसऱ्या प्रकरणातच गळाली.

शिक्षक : परत आणा. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, तिनं वाचलेला असेल.

लेखिका : फोन केला तर २००६ च्या बालविवाहबंदी कायद्यानं बाप अडकेल. उचल देणाऱ्याला कोण विचारणार?

शिक्षक : हे तिलाही माहीत असू द्या. फोन लावायच्या आधी.