मुक्या जिवांचे कारभारी

परभणीच्या मोंढ्यात धान्य आहे. धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजरे. तीच पुढे आपल्या गल्लीत, चर्चच्या आवारात पिल्ले घालतात. या मांजरांचे निर्बीजीकरण सर्वांनी मिळून करून घ्यावे, असे आम्ही सुचविले, तेव्हा एका वयस्क भगिनीने विचारले, "फादर, माणसाला जे मना आहे, ते मांजराला कसे चालते?"

प्रश्न रास्त आहे. ख्रिस्तसभा माणसाच्या बाबतीत अशा शस्त्रक्रियेला विरोध करते, कारण अपत्यजन्म हा पतिपत्नींच्या प्रेमाचा व स्वातंत्र्याचा भाग आहे. मांजर विवाहाचे वचन देत नाही, संयमही पाळू शकत नाही. तिच्या वतीने विचार करणे माणसाकडेच येते. मात्र त्यालाही मर्यादा आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. मग आपल्यापाशी पुरेसे कारण आहे काय?

आहे. मांजर सहा महिन्यांची होण्याआधीही गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीनदाही. एवढी पिल्ले कोणी पोशीत नाही. मग रात्री पोत्यात भरून ती परक्या गल्लीत सोडली जातात आणि तेथे उपाशी मरतात. आपण हाताने मारले नाही, या समाधानात आपण स्वस्थ झोपतो. ते समाधान खोटे आहे.

भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी केंद्र सरकारने २००१ साली नियम केले. मुंबईत महानगरपालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने मांजरांसाठीही हे काम केले आहे. परभणीत तर १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुवैद्याने भूल देऊन शस्त्रक्रिया करायची, ओळखीसाठी कानाचे टोक किंचित कापायचे व बरी झाल्यावर मांजर मूळ जागी सोडायची. परंतु एकट्या घराने हे करून भागत नाही. शेजारची व्याली की संख्या पूर्ववत होते. खर्च, पिंजरा आणि शुश्रूषा साऱ्या गल्लीने वाटून घ्यावी लागते.

आपण या जिवाकडून काही हिरावून घेत आहोत, हे विसरू नये. केवळ आपली झोप मोडू नये म्हणून ते घेतले, तर त्या भगिनीची शंका खरी ठरेल. शस्त्रक्रियेनंतरही त्या मांजरीच्या अन्नपाण्याची व औषधाची काळजी आपण वाहिली, तरच परमेश्वराने सोपविलेला कारभार आपण सांभाळला असे होईल.

त्या भगिनीने पहिली मांजर आपल्या ओसरीवर ठेवण्याची तयारी दर्शविली आहे. पिंजरा वाहून नेण्यासाठी आम्हांस दोन तरुण हवे आहेत.