वेतन नाकारले, सेवा नाकारली नाही



"आपण निष्काम सेवा करतो, मग मानापमानाचा विचार कशाला?" असे सत्संगात पुष्कळदा विचारले जाते. प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या आडोशाला कधी कधी अन्यायही पोसला जातो. फळाची आसक्ती सोडायला सांगणारी गीता अर्जुनाला रणातून निघून जाऊ देत नाही, हे आपण सोयीने विसरतो. म्हणून आज अमेरिकेतील गृहयुद्धाच्या वेळची एक हकीकत सांगतो.

१८६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात कृष्णवर्णीय सैनिकांची ५४ वी पलटण उभी राहिली. गोऱ्या शिपायाइतकेच वेतन मिळेल, या आश्वासनावर तरुण दूरदूरहून येऊन भरती झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. यांच्यापुढे १० ठेवले गेले, त्यातही ३ कपड्यांचे कापून. हातात उरणार ७. पलटणीने ते घेतले नाहीत.

आणि काम? १८ जुलै १८६३ रोजी साउथ कॅरोलायनातील फोर्ट वॅगनरवरच्या हल्ल्यात हीच पलटण आघाडीला होती. सुमारे ६०० जणांपैकी जवळजवळ निम्मे मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. ध्वज धरणारा कोसळला तेव्हा गुलामीत जन्मलेल्या विल्यम कार्नी यांनी ध्वज उचलला आणि गोळ्या झेलत तो परत आणला. त्यांना शौर्यपदक मिळाले ते १९०० साली! पलटणीचे गोरे कर्नल रॉबर्ट शॉ तिथेच पडले. शत्रूने त्यांना त्यांच्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. तो अपमान ठरावा, असा शत्रूचा हेतू होता. शॉ यांच्या वडिलांनी मात्र मुलाचा देह तिथून हलवू नये, असे कळवले.

पुढे मॅसॅच्युसेट्सने वेतनातला फरक आपल्या तिजोरीतून भरून देऊ केला. सैनिकांनी तोही घेतला नाही. रक्कम पुरी झाली असती, पण देशाच्या वहीत त्यांची किंमत ७ डॉलरच राहिली असती. घरी बायकामुले हालात होती, हे त्यांना ठाऊक होते. विचार करा, पैशाचा लोभ असता तर ७ डॉलर कशाला सोडले असते? आणि नुसता अहंकार असता, तर उपाशी घराची आठवण घेऊन खंदक खणत कोण राहिले असते?

सगळ्यांनाच असे वागता आले नाही. साउथ कॅरोलायनाच्या एका कृष्णवर्णीय पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर यांच्या पुढाकाराने सैनिकांनी याच कारणासाठी शस्त्रे खाली ठेवली. बंडाच्या आरोपाखाली फेब्रुवारी १८६४ मध्ये वॉकर यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

जून १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, पण त्यातही एक मेख होती. भरतीपासूनचा पूर्ण फरक फक्त १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र असलेल्यांनाच मिळणार होता. पलटणीत पूर्वीचे गुलामही होते. तेव्हा कर्नल हॅलोवेल यांनी शपथेचे शब्द असे योजले की, त्या दिवशी आपले श्रम फुकट घेण्याचा हक्क कोणाही माणसाला नव्हता, एवढेच सैनिकाने सांगायचे. कायद्याने गुलाम असलेला माणूसही ही शपथ खोटे न बोलता घेऊ शकत होता, कारण देवाच्या दरबारात त्याचा मालक कोणीच नव्हता.

सुमारे दीड वर्षाने, १८६४ च्या शरदात, पैसे हातात आले. त्यातले बरेचसे त्यांनी लगेच घरी पाठवून दिले.