हक्काला ओळख कशाला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहरातल्या तहसील कार्यालयांपुढे गर्दी होते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला अधिवासाचा, कोणाला जातीचा. कागदपत्रे कोणती लागतात हे विचारण्याआधी पालक विचारतात, ‘इथे कोणी ओळखीचं आहे का?’ ओळख निघाली नाही तर दारात एजंट उभा असतोच. सेवेची मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकारी यांची माहिती फलकावर लावणे कार्यालयाला बंधनकारक आहे. पण त्या फलकापुढे थांबून वाचणारा माणूस विरळाच.

एजंटाशिवाय काम होत नाही, ही सुशिक्षितांचीही पक्की समजूत आहे. ती जरा तपासून पाहू. एजंटाला पैसे दिले आणि आठवड्यात दाखला हाती आला, तर श्रेय एजंटाचे. आपण स्वतः अर्ज केला असता तर तो किती दिवसांत मिळाला असता, हे आपण पाहिलेलेच नसते. पैसे देऊनही महिना उलटला, तर पैसे कमी पडले असे आपण म्हणतो. नवसाचा हिशेब असाच असतो: फळला तर देवाची कृपा, नाही फळला तर भक्तीत खोट. कोणताही अनुभव जिला खोटे ठरवू शकत नाही, अशी समजूत देवळात सापडली की आपण तिला अंधश्रद्धा म्हणतो. कचेरीत मात्र तिलाच व्यवहारज्ञान म्हणतो.

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. त्यानुसार अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की क्रमांकासह पोच मिळाली पाहिजे आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली पाहिजे. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते. दाद मागण्यासाठी त्याच खात्यात दोन अपिले आहेत, तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. कायद्याने सक्ती नसेल तिथे प्रतिज्ञापत्राऐवजी साधे स्वयंघोषणापत्र घ्यावे, असा शासन निर्णयही राज्याने 2015 मध्येच काढला आहे. तरीही ‘स्टॅम्प पेपर आणा’ हे तोंडी फर्मान आपण निमूट पाळतो. ‘हे लेखी द्या’ एवढे तीन शब्द आपल्या तोंडून निघत नाहीत.

यावर आक्षेप येईल की हे सारे कागदावर आहे. कायद्यात उणिवा आहेत, हे मला मान्य आहे. पहिली दोन अपिले खात्यातल्याच वरिष्ठांपुढे चालतात आणि दंडाची रक्कम किरकोळ आहे. पण अपीलच दाखल झाले नाही तर विलंबाची नोंद कुठे होणार? ज्या कार्यालयातला प्रत्येक रखडलेला अर्ज ओळखीने मार्गी लागतो, ते कार्यालय कागदोपत्री निर्दोष राहते. कायदा दुबळा आहे अशी तक्रार करणाऱ्यांनीच तो वापराविना दुबळा ठेवला आहे.

‘पण आमच्या ओळखीने कोणाचे काय बिघडते?’ रांगेत पुढे उभ्या असलेल्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईचे बिघडते. तिने त्या दिवसाचा खाडा करून नंबर लावलेला असतो. आपला अर्ज आतल्या दाराने गेला की तिचा मागे पडतो आणि तिला ‘उद्या या’ ऐकावे लागते. तो उद्याचा खाडा आपण तिच्यावर लादलेला असतो. घरी येऊन भ्रष्टाचारावर तावातावाने बोलणारे आपणच असतो, आणि ‘एका फोनवर काम झाले’ हे कौतुकाने सांगणारेही आपणच.

अर्ज भरून देण्याची वाजवी मजुरी घेणारा माणूस माझ्या दृष्टीने दोषी नाही. प्रश्न ‘वरच्या’ पैशांचा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. तेव्हा ‘आम्ही बिचारे, देणार नाही तर काय करणार’ ही ढाल आता उरलेली नाही.

दुकानातही आपण असेच वागतो. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हटल्यावर खूश होतो, आणि मिक्सर बिघडला की पुरावा नाही म्हणून हात चोळत बसतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, वकिलाचीही सक्ती नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा यातला एकही कायदा अस्तित्वात नव्हता.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेरीतले कामगार निरक्षर शेतकऱ्याला कसे नाडतात हे मांडले. त्या शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो.

रोजंदारीवरच्या माणसाने अपिले करत बसावे, असे मी म्हणणार नाही. हे काम पगारदारांचे आणि त्याहूनही निवृत्तांचे आहे. वस्तीत निवृत्त शिक्षक असतात, बँकेत आयुष्य घालवलेली माणसे असतात. नियम वाचणे आणि मसुदा लिहिणे यात त्यांची हयात गेलेली असते. जूनमध्ये आठवड्यातून एक सकाळ त्यांनी तहसील कार्यालयाच्या आवारात बसावे, आलेल्यांना फलक वाचून दाखवावा, पोच मागायला लावावे आणि मुदत टळलेल्यांची अपिले लिहून द्यावीत. मोबदला घेऊ नये आणि जुन्या ओळखीचा साहेब भेटला तरी कोणाचा अर्ज घेऊन आत जाऊ नये.