पहिली पंगत लेकरांची



'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण निर्वासितांच्या छावणीतल्या चार वर्षांच्या लेकराला ती लावायची कशी?

ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून 7 लाखांहून जास्त रोहिंग्या जीव वाचवून बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. बांबू-ताडपत्रीच्या झोपड्यांत त्यांची मुलं वाढताहेत. तिथल्या 'ब्रॅक' संस्थेने लहानग्यांसाठी खेळवर्ग काढले. छावणीतल्याच मुली तिथे ताई झाल्या, आणि खेळ-गाणी मुलांच्या स्वतःच्या बोलीतली. पुढे जून 2025 मध्ये परदेशी मदत आटली, तेव्हा छावणीतल्या शाळांना कात्री लागली ती बालवर्ग आणि पहिली-दुसरीला.

कुणी म्हणेल, बरोबरच आहे की! धान्य-औषध आधी, गाणी मागाहून. पण भेदरून गप्प झालेलं मूल बहुतेकदा खेळता खेळताच पुन्हा बोलतं होतं. बोलणं, मोजणं, दुसऱ्यावर विश्वास टाकणं याच वयात रुजतं. मोठ्यांचं राहिलेलं शिक्षण पुढे भरून काढता येईल. चौथं वर्ष काही परत येत नाही. म्हणजे खेळ ही त्या वयाची भूकच झाली. ती पोटोबातच धरायला हवी.

खरं तर लहान मूल तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या ताटातलं काढणं सोपं जातं. सोपं असलं म्हणून ते न्यायाचं ठरत नाही.

आपल्याच मुलखातलं उदाहरण घ्या. कापडखरेदीला आपण जातो ते कोल्हापूरजवळचं गांधीनगर. 1943 ते 1948 तिथे वळिवड्याची छावणी होती. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे 5 हजार पोलिश लोक तिथे राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. महायुद्ध चालू होतं, मायदेश हातचा गेला होता. तरी त्यांनी शाळा चालवल्या, आणि बालवर्गही. युद्ध संपायची वाट बघत बसले नाहीत.

आपल्या घरच्या कार्यात पहिली पंगत लेकरांची बसते. अन्न कमी पडेल असं वाटलं, तर मोठे थांबतात. छावणीत ही रीत उलटी का व्हावी?

आणि आपल्या गावाबाहेर ऊसतोडीच्या कोप्यांत, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत जी लेकरं दिवसभर नुसती बसून असतात, त्यांची पंगत कोण वाढणार, हेही आपणच ठरवायचं आहे.